रक्तातली साखर पाच सेकंदांत कळते, मग पाण्यातला जिवाणू का नाही?

मधुमेह असलेल्या घरात ग्लुकोमीटर असतोच. बोटाला टोचायचं, पट्टीच्या टोकाला रक्ताचा थेंब लावायचा, पाच सेकंदांत आकडा समोर. त्याच घरातल्या कुणी नळाच्या पाण्यात ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जिवाणू, आहे का हे तपासायचं ठरवलं, तर निर्जंतुक बाटलीत नमुना घ्यायचा, बर्फाच्या पेटीतून तो प्रयोगशाळेत पोचवायचा आणि किमान एक दिवस थांबायचं. तोवर ते पाणी पिऊन झालेलं असतं.

हा एक दिवस कमी करण्यासाठी जगभरातल्या प्रयोगशाळा झटत आहेत. ग्लुकोमीटर ज्या तत्त्वावर चालतो त्याच तत्त्वावर, म्हणजे इलेक्ट्रोडवर घडणारी रासायनिक क्रिया विजेच्या रूपात मोजून, जिवाणू ओळखायचा आणि त्यासाठी सोन्याचे नॅनोकण, ग्राफीन (कार्बनचा एका अणूइतका पातळ थर), कार्बन नॅनोट्यूब (तशाच थराची बारीक नळी) अशा अतिसूक्ष्म पदार्थांची मदत घ्यायची, अशी ही वाट आहे. ‘दहा मिनिटांत जिवाणू ओळखणारी चिप’ अशा बातम्या अधूनमधून येतात. प्रयोगशाळेच्या टेबलावर ते खरंही असतं. तरी औषधाच्या दुकानात अशी पट्टी मिळत नाही, आणि का मिळत नाही हे समजलं की हा सगळा विषयच उलगडतो.

पट्टीवर चढणारा रक्ताचा थेंब अर्ध्या मायक्रोलिटरचा असतो. साखर 90 असेल तर त्या थेंबात ग्लुकोजचे रेणू किती? हिशोब केला तर 15 वर चौदा शून्यं, म्हणजे दीड हजार लाख कोटी. आता पाण्याकडे या. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस 10500, सांगतं की 100 मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय अजिबात आढळता कामा नये. 100 मिलिलिटरचे अर्ध्या मायक्रोलिटरचे थेंब केले तर ते होतात दोन लाख. जिवाणू एकच असेल तर त्यातल्या एका थेंबात तो असेल आणि बाकीचे 1,99,999 थेंब स्वच्छ निघतील. ग्लुकोमीटरपुढे मोजण्याचा प्रश्न असतो, इथे आधी शोधण्याचा प्रश्न आहे.

प्रयोगशाळेतली जुनी पद्धत हा प्रश्न मोठ्या हुशारीनं सोडवते, म्हणूनच ती इतकी टिकली. जिवाणू एकच असला तरी त्याला खाऊ द्यायचा, ऊब द्यायची आणि त्यालाच वाढू द्यायचं. पोषक द्रावणात ई-कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकतो. म्हणजे एका पेशीच्या दहा तासांत शंभर कोटींच्या वर पेशी. मग डोळ्यांना ठिपका दिसतो. रॉबर्ट कॉख यांच्या काळात ही पद्धत घडली. त्यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वाल्थर हेस यांच्या पत्नी फॅनी हेस यांनी 1881 च्या सुमारास जिवाणू वाढवायच्या पोषक जेलीसाठी अगार वापरायचं सुचवलं. त्याआधी वापरलं जाणारं जिलेटिन उबेत वितळायचं. 1887 मध्ये पेट्री यांची झाकणाची बशी आली आणि तीच बशी आजही जगभर चालते.

या पद्धतीची अडचण फक्त वेळेची आहे, पण ती फार मोठी आहे. ई-कोलायला 18 ते 24 तास. अन्नातला साल्मोनेला खात्रीनं सांगायचा तर टप्प्याटप्प्यानं वाढवत चार-पाच दिवस. कॅम्पिलोबॅक्टरला तर 42 अंश तापमान आणि कमी ऑक्सिजनची हवा लागते, शिवाय ठिपके दिसायला दोन दिवस. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या मांजा, मौर्य आणि राव यांनी 1982 मध्ये खेड्यात वापरता येईल अशी सोपी बाटली मांडली. विष्ठेबरोबर येणारे काही जिवाणू हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. तो असला की बाटलीतली कागदी पट्टी काळी पडते. प्रयोगशाळा नको, वीज नको. आजही गावपातळीवरच्या तपासणी संचात याच तत्त्वाची बाटली असते, आणि जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच-पाच महिलांना या संचांचं प्रशिक्षण देण्याची योजना आहे. मला हे काम फार मोलाचं वाटतं. पण काळं-पांढरं कळायला इथेही एक-दोन दिवस जातातच.

मधल्या काळात पीसीआर आलं. ते जिवाणूचा डीएनए वाढवतं, जिवाणू नव्हे, त्यामुळे काही तासांत उत्तर मिळतं. पण यंत्र महाग, नमुना आधी स्वच्छ करावा लागतो आणि क्लोरीननं मेलेल्या जिवाणूचा डीएनएही ते मोजतं. हा शेवटचा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

पट्टीवर काय घडतं

ग्लुकोमीटरची पट्टी प्लास्टिकची असते आणि तिच्यावर कार्बनच्या शाईनं किंवा धातूच्या पातळ थरानं इलेक्ट्रोड काढलेले असतात. संशोधनात वापरल्या जाणाऱ्या बहुतेक पट्ट्या स्क्रीन प्रिंटिंगनं छापतात, लग्नपत्रिका छापतात त्याच पद्धतीनं. त्यांवर साधारणपणे तीन इलेक्ट्रोड असतात. एकावर मुख्य क्रिया घडते, दुसरा विद्युतदाबाचा संदर्भ स्थिर ठेवतो, तिसरा विजेचं मंडल पूर्ण करतो. 1962 मध्ये लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी इलेक्ट्रोडवर एन्झाइम बसवून ग्लुकोज मोजायची कल्पना मांडली, आजचे ग्लुकोमीटर त्याच कल्पनेचे वंशज आहेत. ग्लुकोज एन्झाइमला इलेक्ट्रॉन देतो, एन्झाइम तो मध्यस्थ रेणूमार्फत इलेक्ट्रोडला देतं, आणि तारेतून वाहिलेला प्रवाह म्हणजेच साखर.

जिवाणूच्या बाबतीत हे इतकं सरळ नाही. तो पाण्यात असतो, पण इलेक्ट्रोडला आपण होऊन काही सांगत नाही. म्हणून दोन गोष्टी लागतात. एक, त्याला नेमकं ओळखून धरणारा रेणू. दोन, धरल्याचं विजेच्या भाषेत सांगणारी व्यवस्था.

धरणाऱ्यांत सगळ्यात जुनी म्हणजे प्रतिपिंडं, आपल्या शरीरात तयार होतात तशी अँटीबॉडी. ती जिवाणूच्या पृष्ठभागावरच्या ठरावीक रचनेलाच चिकटते. पण ती प्रथिनं असतात. उन्हाळ्यात, फ्रिजशिवाय, तालुक्याच्या गोदामात पडून राहिली तर बिघडतात. दुसरा पर्याय अ‍ॅप्टामरचा. हे डीएनए किंवा आरएनएचे छोटे धागे असतात, कोट्यवधी यादृच्छिक धाग्यांतून निवडून काढलेले. 1990 मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी ही निवडीची पद्धत स्वतंत्रपणे मांडली. ते रसायनशाळेत बनवता येतात, वाळवून ठेवता येतात आणि स्वस्तही पडत चालले आहेत.

तिसरा पर्याय मला सगळ्यात सुंदर वाटतो. तो म्हणजे फेज, जिवाणूंना गाठून त्यांच्या आत शिरणारे विषाणू. 1896 मध्ये आग्र्यात काम करणाऱ्या अर्नेस्ट हँकिन यांनी गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जिवाणू मरतात असं नोंदवलं होतं. त्यामागे फेज असावेत असं पुढे अनेकांनी मानलं. 1917 मध्ये फेलिक्स द’एरेल यांनी त्यांना बॅक्टेरियोफेज हे नाव दिलं. प्रत्येक फेजचं भक्ष्य ठरलेलं असतं, आणि त्याची वाढ फक्त जिवंत जिवाणूच्या आतच होते. काही फेज साधारण अर्ध्या तासात पेशी फोडून बाहेर पडतात. फुटलेल्या पेशीतून जे एन्झाइम बाहेर सांडतं ते इलेक्ट्रोडवर मोजता येतं. ओळख आणि जिवंतपणाची खात्री, दोन्ही एकदमच.

आता सांगण्याची व्यवस्था. सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे अडथळा मोजणं. द्रावणात फेरोसायनाइड-फेरिसायनाइड ही जोडी घालतात. ती इलेक्ट्रोडशी इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण सतत करत राहते. इलेक्ट्रोडवर प्रतिपिंडांनी एखादा जिवाणू पकडून ठेवला की तेवढी जागा झाकली जाते, जसं न्हाणीच्या मोरीच्या जाळीवर पान चिकटलं की पाणी तुंबायला लागतं. जिवाणूचं पटल विजेला जवळजवळ वाहक नसतंच, त्यामुळे इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण मंदावते. निरनिराळ्या वारंवारतेची अगदी हलकी प्रत्यावर्ती (एसी) वीज देऊन हा अडथळा मोजतात. याला इम्पीडन्स पद्धत म्हणतात. वेगळं रसायन जोडायला लागत नाही, हा तिचा फायदा. पण जाळीवर चिकटलेलं पान आहे की प्लास्टिकचा कागद हे तुंबलेलं पाणी सांगू शकत नाही. दुधातलं प्रथिन किंवा नदीतली माती चिकटली तरी अडथळा वाढतोच.

म्हणून दुसरी पद्धत वापरतात, खुणेची. पकडलेल्या जिवाणूच्या दुसऱ्या बाजूला आणखी एक प्रतिपिंड चिकटवायचं, आणि या दुसऱ्या प्रतिपिंडाला खूण बांधलेली असते. जिवाणू दोन्हींच्या मध्ये सापडला तरच खूण इलेक्ट्रोडपाशी येते. खूण एन्झाइमची असेल तर ते एकामागून एक हजारो रेणू बदलत राहतं आणि प्रवाह वाढत जातो. खूण धातूच्या नॅनोकणाची असेल तर हिशोब आणखी रंगतदार होतो.

नॅनो कशासाठी

ई-कोलायची पेशी साधारण 2 मायक्रोमीटर (मिलिमीटरचे दोन हजारांश) लांब आणि 1 मायक्रोमीटरपेक्षा थोडी कमी जाड, म्हणजे 2,000 नॅनोमीटरच्या आसपास. प्रतिपिंड 10 ते 15 नॅनोमीटरचं. सोन्याचा नॅनोकण बहुधा 5 ते 50 नॅनोमीटरचा. तेव्हा एका जिवाणूच्या अंगावर असे शेकडो कण बसू शकतात.

20 नॅनोमीटरच्या सोन्याच्या एका कणात सुमारे अडीच लाख अणू असतात. एका जिवाणूवर 200 कण बसले, तर तिथे पाच कोटी अणू जमले. हे कण विरघळवून, त्यांतला धातू इलेक्ट्रोडवर साठवून, मग विद्युतदाब बदलत एका झटक्यात पुन्हा काढून घेतला, तर एका पेशीच्या जागी पाच कोटी अणूंचा प्रवाह मोजायला मिळतो. या पद्धतीत जिवाणू अप्रत्यक्षपणे वाढवला जातो, तासांऐवजी मिनिटांत. कॅडमियम, शिसं, जस्त यांचे सल्फाइड नॅनोकण वापरले तर प्रत्येक धातू आपापल्या ठरलेल्या विद्युतदाबाला बाहेर पडतो. म्हणजे एकाच पट्टीवर तीन जिवाणूंना तीन वेगळ्या खुणा देता येतात. एवढा हिशोब लक्षात आला की ‘नॅनो’ हा शब्द जाहिरातीत वापरतात त्यापेक्षा बराच खरा वाटायला लागतो.

दुसरा उपयोग पृष्ठभागाचा. एक ग्रॅम ग्राफीन सिद्धांतानं पूर्ण उलगडलं तर 2,630 चौरस मीटर भरतं, जवळजवळ 26 गुंठे. इलेक्ट्रोडवर असा थर दिला की प्रतिपिंडं बसवायला जागा वाढते आणि इलेक्ट्रॉन झपाट्यानं वाहतात. मात्र इथे एक गैरसमज सहज होतो. हे सगळे गुंठे जिवाणूच्या वाट्याला येत नाहीत. तो स्वतःच हजार-दोन हजार नॅनोमीटरचा, नॅनो आकाराच्या खाचखळग्यांत तो शिरूच शकत नाही. तो वरच्यावर बसतो. वाढलेल्या क्षेत्रफळाचा फायदा छोट्या रेणूंना मिळतो, पकडणाऱ्यांना आणि इलेक्ट्रॉन देणाऱ्या-घेणाऱ्यांना. शोधनिबंधात ग्राफीनमुळे संवेदनशीलता वाढली असं वाचलं की ती नेमकी कुठल्या टप्प्यावर वाढली हे मी आधी शोधते.

कार्बन नॅनोट्यूबची गोष्ट वेगळी. तिच्या पृष्ठभागाजवळ विद्युतभार हलला की तिच्या वाहकतेत किंवा विद्युतदाबात फरक पडतो, खुणेची गरजच राहत नाही. पण पाण्यात मीठ असेल तर भाराचा प्रभाव फार लांब पोचत नाही. रक्ताइतक्या खारट द्रावणात तो एक नॅनोमीटरच्या आत विरून जातो. प्रतिपिंडाची उंचीच दहा नॅनोमीटरच्या वर. म्हणजे त्यानं जिवाणू पकडला तरी नॅनोट्यूबला पत्ताच लागत नाही. अ‍ॅप्टामर आखूड आणि स्वतः भारित असतो, जिवाणूला धरताना वळतो, आणि त्याचं वळणं नॅनोट्यूबला जाणवतं. स्पेनमधल्या तारागोनाच्या रोविरा इ विर्जिली विद्यापीठातल्या गटानं 2009 मध्ये नॅनोट्यूब आणि अ‍ॅप्टामरची हीच जोडी वापरून टायफॉईडचा जिवाणू, 5 मिलिलिटर द्रावणात अगदी एक पेशी असली तरी, जवळजवळ तत्काळ ओळखल्याचं प्रसिद्ध केलं. काम अप्रतिम होतं. द्रावण मात्र प्रयोगशाळेत तयार केलेलं, स्वच्छ आणि आम्लता नियंत्रित केलेलं होतं.

जिवाणू इलेक्ट्रोडपर्यंत पोचणार कसा

खरी अडचण माझ्या मते इथे आहे, आणि बातम्यांत तिचा उल्लेख क्वचितच येतो.

स्थिर पाण्यात ग्लुकोजचा रेणू नुसत्या थरथराटानं एक मिलिमीटर सरकायला साधारण दहा ते पंधरा मिनिटं घेतो. पट्टीवरच्या पातळ थरात तर त्याला काही मायक्रोमीटरच जायचं असतं. जिवाणूएवढ्या कणासाठी तोच हिशोब मांडला, तर एका मिलिमीटरला सुमारे तेरा दिवस लागतात. ई-कोलाय शेपट्या फिरवून पोहतो हे खरं, पण तो इलेक्ट्रोडच्या दिशेनं पोहत नाही. तेव्हा इलेक्ट्रोड कितीही तीक्ष्ण केला तरी जिवाणू त्याच्यापाशी आला नाही तर तो कोरडाच बसणार.

इथे लोहऑक्साइडच्या चुंबकीय कणांनी मोठं काम केलं आहे. त्यांच्यावर प्रतिपिंडं बसवून ते नमुन्यात मिसळायचे. आता जिवाणूनं इलेक्ट्रोडकडे जायची गरज नाही, लाखो कण त्याच्याकडे जातात. मग बाहेरून चुंबक लावला की कणांसकट जिवाणू भांड्याच्या एका कडेला गोळा होतात. दूध, माती, क्षार सगळं ओतून द्यायचं, धुवायचं आणि उरलेला एवढासा थेंब इलेक्ट्रोडवर ठेवायचा. नमुना गोळा करणं आणि स्वच्छ करणं, दोन्ही कामं एकाच वेळी होतात. नॅनोपदार्थांपैकी प्रत्यक्ष वापराच्या सगळ्यात जवळ कोण, असं मला विचारलं तर मी ग्राफीनच्या आधी या साध्या गंजाच्या भावंडांचं नाव घेईन.

आता शोधनिबंधांतल्या आकड्यांकडे पाहू. ‘एका मिलिलिटरला 10 जिवाणू इतकी संवेदनशीलता’ हा आकडा नेहमी दिसतो आणि तो ऐकायला भारी वाटतो. पण मानक 100 मिलिलिटरचं आहे. एका मिलिलिटरला 10 म्हणजे 100 मिलिलिटरला 1,000. ज्या पाण्यात 900 ई-कोलाय आहेत त्याला हा सेन्सर बिनधास्त स्वच्छ म्हणेल. म्हणून असा आकडा वाचला की आधी किती पाणी तपासलं हे पाहावं. नमुना नदीचा होता की प्रयोगशाळेतल्या द्रावणाचा, आणि ‘दहा मिनिटां’मध्ये नमुना गाळण्याचा, धुण्याचा, वाढवण्याचा वेळ धरला आहे का, हेही पाहावं.

जिवंत की मेलेला, आणि नेमका कोणता

आपल्याकडच्या गावांत पाण्यात टीसीएल, म्हणजे क्लोरीन सोडणारी ब्लीचिंग पावडर, टाकतात. टाकीतल्या क्लोरीननं मारलेला ई-कोलाय प्रतिपिंडाला मात्र जिवंतच भासतो, कारण त्याचं कवच तसंच असतं. क्लोरीन नीट टाकलेल्या पाण्याला सेन्सरनं दूषित ठरवलं, तर गावकरी दोन-चार वेळा घाबरतील आणि मग त्या यंत्रावर विश्वास ठेवणार नाहीत. फेजचा उपाय वर आलाच आहे. दुसरा उपाय एन्झाइमचा. ई-कोलाय बीटा-गॅलॅक्टोसिडेज नावाचं एन्झाइम बनवतो. पाण्यात असं रसायन घालायचं की या एन्झाइमनं ते तोडलं की अमिनोफिनॉल सुटेल. अमिनोफिनॉल कमी विद्युतदाबाला सहज इलेक्ट्रॉन देतो. वाढणारी, एन्झाइम बनवत राहणारी पेशी असेल तर प्रवाह वेळेबरोबर चढत जातो. मेलेल्या पेशीकडून तसा चढ मिळत नाही.

उलटीही गुंतागुंत आहे. पटकीच्या जिवाणूसारखे काही जिवाणू प्रतिकूल पाण्यात अशा अवस्थेत जातात की जिवंत असूनही बशीत वाढत नाहीत. रीटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 पासून हे दाखवून दिलं. म्हणजे बशी कोरी निघाली म्हणून पाणी निर्धोक असं छातीठोकपणे सांगता येत नाही. इथे थेट पेशी ओळखणारे सेन्सर बशीच्या पुढे जाऊ शकतात.

आणि नेमकेपणाचा प्रश्न. 2011 च्या मे महिन्यात जर्मनीत रक्ती हगवणीची साथ आली. आधी स्पेनच्या काकड्यांवर आरोप झाला, तिथल्या शेतकऱ्यांचं अतोनात नुकसान झालं. शेवटी मूळ निघालं मोड आलेल्या मेथीत. मेथीदाणे इजिप्तहून आलेले होते. पन्नासहून अधिक माणसं गेली. जिवाणू ई-कोलायचाच होता, पण ओ-104 या वेगळ्या प्रकाराचा. तोवर अन्नतपासणीत सगळ्यांचं लक्ष ई-कोलायच्या ओ-157 या घातक प्रकारावर असायचं. नुसत्या ओ-157 च्या प्रतिपिंडाची पट्टी तिथे असती तर तिनं सगळं ठीक असल्याचं सांगितलं असतं. सेन्सर ज्याला शोधायला शिकवला आहे त्यालाच शोधतो. म्हणून पिण्याच्या पाण्यासाठी विष्ठेची खूण म्हणून सर्वसाधारण ई-कोलाय शोधणं आणि साथीच्या वेळी नेमका रोगजंतू शोधणं, ही दोन वेगळी कामं आहेत, त्यांना वेगळ्या पट्ट्या लागतील.

सेन्सर कुठे बसवायचा

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात वॉकरटन नावाचं सुमारे पाच हजार वस्तीचं गाव आहे. मे 2000 मध्ये तिथे मोठा पाऊस झाला आणि शेतात टाकलेल्या शेणखतातले जिवाणू 12 तारखेच्या सुमारास गावाच्या पाच नंबरच्या उथळ विहिरीत उतरले. ई-कोलाय ओ-157 आणि कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी. 15 तारखेला नमुने घेतले गेले. 17 तारखेला प्रयोगशाळेनं पाणी दूषित असल्याचं पाणीपुरवठा विभागाला कळवलं. विभागानं ते आरोग्य अधिकाऱ्यांपासून लपवलं. पाणी उकळून प्या ही सूचना गावाला मिळाली 21 तारखेला. 2,300 हून अधिक लोक आजारी पडले, सात जण दगावले.

न्यायमूर्ती डेनिस ओ’कॉनर यांच्या चौकशी अहवालातला एक निष्कर्ष या विषयातल्या प्रत्येकानं वाचावा असा आहे. त्या विहिरीवर उरलेला क्लोरीन आणि गढूळपणा सतत मोजणारी उपकरणं असती तर ही साथ टळली असती. जिवाणू ओळखणारं एकही उपकरण लागलं नसतं! सेंद्रिय घाण आत आली की क्लोरीन संपतो, आणि क्लोरीन संपल्याचं मोजणारा विद्युत-रासायनिक सेन्सर तेव्हाही बाजारात होता. मी नॅनो-सेन्सरची मनापासून समर्थक आहे, म्हणूनच हे ठासून सांगते. ज्या टाकीवर रोज ओटी टेस्ट, म्हणजे उरलेल्या क्लोरीनची तपासणी, होत नाही, तिथे ग्राफीनची पट्टी नेऊन आधीची पोकळी भरणार नाही. आपल्या ग्रामपंचायतींना पाण्याच्या जोखमीनुसार लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं, त्यातही टीसीएलचा साठा, विहिरीभोवतीची स्वच्छता, गळती याच गोष्टी पाहिल्या जातात. त्या पाहण्याजोग्याच आहेत.

मग जिवाणूचा सेन्सर लागणार कुठे? क्लोरीन ठीक दिसतो आणि तरी माणसं आजारी पडतात तिथे. खासगी विहीर, बोअर, टँकर, आरओचे छोटे प्लांट अशा, सार्वजनिक नळाच्या बाहेरच्या पाण्यात. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागात गिलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला. या जिवाणूचा संसर्ग झाल्यावर काही आठवड्यांनी मज्जातंतूंवर हल्ला होऊ शकतो, म्हणजे रुग्ण दवाखान्यात येईपर्यंत दूषित पाणी कधीच वाहून गेलेलं असतं. विहिरी, टँकर, प्लांट असे अनेक स्रोत एकाच दिवशी तपासायचे, तेही बशीत दोन दिवस घेणाऱ्या जिवाणूसाठी, अशा वेळी जागेवर चालणाऱ्या पट्टीची किंमत कळते.

दुधाच्या संकलन केंद्रांवर आणि मांस किंवा तयार अन्नाच्या कारखान्यांत हे सेन्सर बहुधा आधी पोचतील. तिथे नमुना रोज एकाच प्रकारचा असतो, हाताळणारा माणूस प्रशिक्षित असतो, आणि माल गोदामात एक दिवस अडवून ठेवण्याचा खर्च मालकाला दिसतो. गावच्या पाण्यासाठी हीच गोष्ट करायची तर पट्टी स्वस्त हवी, फ्रिजशिवाय टिकायला हवी आणि एका खोक्यातल्या सगळ्या पट्ट्यांनी सारखंच उत्तर द्यायला हवं. ही शेवटची अट ऐकायला साधी आहे. पण नॅनोकणांचा आकार, थराची जाडी, त्यावर बसलेल्या प्रतिपिंडांची संख्या प्रत्येक घाण्यात थोडी बदलते, आणि शोधनिबंधातली एक उत्तम पट्टी आणि कारखान्यातल्या एक लाख सारख्या पट्ट्या यांच्यामधलं अंतर इथेच पडतं.

मला सगळ्यात आशा वाटते ती जुन्या-नव्याच्या मिलाफातून. 100 मिलिलिटर पाणी पटलातून गाळून घ्यायचं, अडकलेले जिवाणू एक मिलिलिटर पोषक द्रावणात उतरवायचे. इथेच शंभरपट दाट झाले. मग त्यांना उबेत ठेवायचं. रुळायला तासभर धरला, तरी पुढच्या दोन तासांत एका पेशीच्या चौसष्ट होऊ शकतात, आणि ‘मिलिलिटरला 10’ची क्षमता असलेला, आज उपलब्ध असलेला इलेक्ट्रोडही ते सहज ओळखतो. वाढ झाली म्हणजे पेशी जिवंत होती, हेही सिद्ध झालं. क्लोरीननं अर्धमेल्या पेशींना सावरायला जास्त वेळ लागतो, म्हणून चार-पाच तास धरू. हे दहा मिनिटांच्या बातमीइतकं आकर्षक नाही. पण आपल्याकडे बहुतेक गावांत पाणी दिवसाआड किंवा ठरावीक वेळेलाच सोडतात, आधी टाकी भरतात आणि मग व्हॉल्व्ह उघडतात. सकाळी टाकी भरताना नमुना घेतला आणि दुपारी तीनपर्यंत उत्तर आलं, तर संध्याकाळी व्हॉल्व्ह उघडायचा की आधी टीसीएल टाकून थांबायचं, हे पाणी सोडणाऱ्या माणसाला त्याच दिवशी ठरवता येतं.